जनुकांच्या दप्तराची कुळकथा

स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर केळ्यांच्या हातगाडीवर, विशेषतः पावसाळ्यात, जी तांबड्या डोळ्यांची इवलीशी चिलटे घोटाळत असतात, त्यांच्या ड्रोसोफिला प्रजातीने जनुकशास्त्राची जेवढी सेवा केली तेवढी क्वचितच दुसऱ्या प्राण्याने केली असेल. आणि संशोधनाची माहिती सर्वांनी एकाच परिभाषेत नोंदवावी, या प्रघाताच्या मूळपुरुषांतही त्याच चिलटाची गणना करावी लागते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फळमाशी (म्हणजे हेच चिलट), यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांची दप्तरे स्वतंत्रपणे चालू होती. परंतु पेशीत प्रथिने घडण्याची एकच क्रिया एकीकडे ‘ट्रान्सलेशन’ तर दुसरीकडे ‘प्रोटीन सिंथेसिस’ या नावाने दाखल झाली, तर माणसाला संदर्भावरून जे ताडता येते ते संगणकास मुळीच उमगत नसे. म्हणून केंब्रिजचे मायकेल ॲशबर्नर आणि या तिन्ही दप्तरांचे कारभारी यांनी १९९८ साली ‘जीन ऑन्टॉलॉजी’ ही सामायिक परिभाषा आरंभिली व २००० साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये तिची रूपरेषा प्रसिद्ध केली. जनुकाचे उत्पादन काय करते, कोणत्या जैविक व्यवहारात भाग घेते आणि पेशीत कोठे वावरते, असे तीन विभाग पाडून प्रत्येक संज्ञेस त्यांनी व्याख्या आणि सात अंकी क्रमांक दिला.

माझ्या मते त्यांचे खरे चातुर्य शब्दांच्या निवडीत नसून या क्रमांकात आहे. सातबाऱ्यावर खातेदार बदलला तरी गट क्रमांक कायम राहून फेरफाराची नोंद पडते, तद्वत प्रथिने घडण्याच्या त्या क्रियेची सारी नावे ०००६४१२ या एकाच क्रमांकाखाली नांदतात, आणि विद्वानांना नावावरून तंटा करण्याचे प्रयोजन (हौस असली तरी!) उरत नाही. बाद झालेली संज्ञाही पुसली जात नाही. तिच्यावर केवळ तसा शेरा पडतो.

प्रत्येक नोंदीस पुराव्याचा दाखलाही जोडावा लागतो: प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाले असल्यास ‘आयडीए’, संगणकाने अनुमानिले असल्यास ‘आयईए’. उदाहरणार्थ, पाषाणच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर यांनी ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ या जनुकामुळे माशीच्या मागील पंखांच्या जागी समतोल राखणारे चिमुकले अवयव कसे घडतात, याचा अभ्यास केला. अशा संशोधनाचा लेख कोणा नोंदणीकाराने सावकाश वाचून त्यातील प्रयोग पारखला, तरच पहिल्या प्रकारचा दाखला मिळतो. वाचणारे थोडे आणि जनुके अगणित, त्यामुळे दप्तरातील बहुसंख्य नोंदींवर आजही ‘आयईए’ हाच शेरा आहे.