दोऱ्याचे माप आणि अमेरिकेतील गळाची काठी

कोकणच्या खाडीकाठी गरवायला बसणाऱ्याला चिव्याची काठी, दोर आणि गरी एवढे साहित्य पुरे होई. अमेरिकेत मात्र गळाची काठी हा एक मोठा कारागिरीचा विषय झाला आहे. तेथे पुष्कळ हौशी लोक दुकानातली तयार काठी न घेता नुसता दांडा आणतात, त्यावर दोर जाण्यासाठीच्या कड्या बसवतात, त्या कड्यांचे पाय दोऱ्याने गुंडाळून पक्के करतात आणि वरून रोगण देतात. आपल्या मंडळींपैकी ज्यांना तेथे हा छंद लागला असेल, त्यांनी रिळावर 'ए' किंवा 'डी' अशी अक्षरे पाहिली असतील. ही अक्षरे कोठून आली, आणि डेनियर, टेक्स, नंबर अशी इतर मापे असताना ती का टिकून राहिली, याची हकिकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ काठीपासून करू. पेनसिल्व्हानियातील ईस्टन गावचे बंदुका बनविणारे कारागीर सॅम्युअल फिलिप यांनी १८४०च्या दशकात बांबूच्या चिरफळ्या एकमेकींस चिकटवून काठी केली, असे तेथे मानतात. पुढे १८७०च्या सुमारास मेन राज्यातील बँगोर येथे हायरम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांच्या काठ्या करून ही कला नावारूपास आणली. वाचकांस कौतुक वाटेल ते असे की, या आरंभीच्या काठ्यांसाठी लागणारा बांबू आपल्याच देशातून, कलकत्ता बंदरातून जात असे व 'कलकत्ता केन' याच नावाने विकला जाई. पुढे चीनमधील टोन्किन बांबूने त्याची जागा घेतली.

त्या काळचा सरस जनावरांच्या कातड्याचा व हाडांचा. पाणी लागले की तो सुटे. म्हणून कारागीर कड्यांपाशीच नव्हे तर संपूर्ण काठीवर थोड्या थोड्या अंतराने बारीक रेशमाचे वेढे घालीत. पट्ट्या एकत्र धरून ठेवण्याचे अर्धे काम दोराच करी. पुढे चांगले सरस निघाले, मधले वेढे गेले आणि दोरा कड्यांपुरता उरला. जुनी काठी पाहून तिचे वय ठरविताना जाणकार हे वेढे मोजतात, त्याचे कारण हेच.

हे रेशीम काठीसाठी वेगळे बनत नव्हते. ते शिवणाचे रेशीम होते. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे १८४२ साली गुलामगिरीविरोधी विचारांच्या लोकांनी एक सहकारी वसाहत काढली होती व रेशमाचा धंदा हा तिचा एक आधार होता. १८४६ साली वसाहत मोडली, परंतु तिच्यातील सॅम्युअल हिल यांनी धंदा चालू ठेवला. १८५२ साली सिंगर यांच्या शिवणयंत्रास चालेल असे पिळाचे रेशीम त्यांनी तयार केले. त्याला 'मशीन ट्विस्ट' म्हणत. हे रेशीम जाडीप्रमाणे अक्षरांनी विकले जाई. सर्वात बारीक तीन शून्ये, मग दोन, मग एक, पुढे ए, बी, सी, डी, ई आणि त्याहून जाडास दुहेरी अक्षरे. साध्या शिवणीला 'ए' आणि काजे करायला 'डी', ही शिंप्याची वहिवाट. काठी बांधणाऱ्याने तेच रीळ उचलले. हलक्या काठीला शिवणीचे 'ए', समुद्रावरच्या जाड काठीला काजाचे 'डी'. म्हणजे आज मोठ्या ऐटीत सांगितले जाणारे हे माप मुळात शिंप्याच्या दुकानातले आहे.

आता इतर मापांकडे वळू. दोऱ्याची जाडी मोजणे दिसते तितके सोपे नाही, कारण दोरा दाबला की चपटा होतो. म्हणून गिरण्यांनी वजनाचा आधार घेतला, आणि येथे दोन उलट वाटा फुटल्या. सुताच्या गिरणीत वजन कायम धरतात आणि लांबी मोजतात. एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसल्या, तो सुताचा नंबर. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे सांगायला नको. ४० नंबरी सूत म्हणजे पौंडाला ३३,६०० वार. नंबर वाढला की सूत बारीक. रेशमात याच्या उलट, लांबी कायम धरून वजन करतात. ९,००० मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. १,००० मीटरचे वजन जितके ग्रॅम तितके टेक्स. येथे आकडा वाढला की दोरा जाड. अमेरिकेतील रेशीमवाले तर १,००० वारांचे वजन ड्राममध्ये मोजीत. एकच ४० नंबरी सूत १३३ डेनियर किंवा १५ टेक्स भरते. तीन भाषांत एका माणसाची तीन नावे असावीत तसा हा प्रकार आहे.

शून्यांची रीत आपल्या समाजातील ज्या भगिनींनी रुग्णालयांत परिचारिका म्हणून सेवा केली त्यांना चांगली ठाऊक असेल. टाके घालण्याचा दोराही दोन शून्ये, तीन शून्ये, चार शून्ये असाच मागतात आणि शून्ये वाढली की दोरा बारीक. चार शून्यांचा रेशमी टाका ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे काठीच्या 'ए' दोऱ्याच्या अगदी जवळचा. परंतु तेथेही मौज आहे. कॅटगटचा टाका त्याच आकड्याला एक पायरी जाड असतो. आकडा एक, माल दोन, जाडी दोन.

हीच गोष्ट काठीच्या दोऱ्याच्या बाबतीत पुढे घडली. १९४१च्या जुलैत अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठविली आणि रेशमाची आयात थांबली. उरलेले रेशीम सरकारने युद्धाच्या कामासाठी ताब्यात घेतले. ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली जाहीर केलेले नायलॉन त्या वेळी तयारच होते. तेही युद्धकाळात लष्कराकडे गेले आणि युद्ध संपल्यावर बाजारात आले. काठीचा दोरा नायलॉनचा झाला. नायलॉन रेशमाहून हलके व अधिक ताणणारे. वजनाने मोजावे तर जुना मेळ बसेना. तरी कारखानदारांनी 'ए' आणि 'डी' ही अक्षरे तशीच ठेवली, कारण गिऱ्हाईक तीच मागे.

गळाच्या दोराचे मात्र असे चालू शकले नाही. माशी लावून टाकण्याचा जो जाड दोर असतो, त्यालाही अक्षरे होती, पण तेथे क्रम उलटा. 'ए' सर्वात जाड, म्हणजे इंचाचे ६० सहस्रांश, आणि पुढे प्रत्येक अक्षराला पाच सहस्रांश कमी. 'एच-डी-एच' म्हणजे दोन्ही टोके २५ आणि पोट ४५ सहस्रांश. रेशमाच्या दिवसांत हे ठीक होते, कारण जाडी सारखी असली की वजनही सारखे. नायलॉन आल्यावर तेच अक्षर हलके पडू लागले, आणि काठी तर दोराच्या वजनाने वाकते. शेवटी १९६१ साली अमेरिकेतील मासेमारी साहित्याच्या कारखानदारांच्या संघाने अक्षरे सोडून पहिल्या ३० फुटांच्या वजनावर नंबर ठरविले. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन. ज्या मापाशी काम अडते ते माप धरले की घोटाळा मिटतो, हे यातून दिसते.

गुंडाळण्याच्या दोऱ्याचे काम वजनाशी अडत नाही, जाडीशी अडते. सर्वसाधारणपणे 'ए' इंचाचे सहा सहस्रांश आणि 'डी' दहा सहस्रांश धरतात. म्हणजे एक इंच वेढ्यांसाठी 'ए'चे सुमारे १६५ फेरे लागतात, 'डी'चे १००. 'ए' सपाट बसतो, रोगण कमी लागते, काठीचे टोक जड होत नाही. 'डी' खडकाचा व होडीच्या काठाचा मार सोसतो. पण दोन कंपन्यांचा 'ए' तंतोतंत सारखा असेलच असे नाही. म्हणून अनुभवी माणूस अक्षरावर विसंबत नाही. दोरा नेहमीच्या ताणाने काठीवर एक इंच गुंडाळतो आणि फेरे मोजतो. १९७४ साली निघालेल्या डेल क्लेमेन्स यांच्या पुस्तकापासून हौशी लोकांची संख्या वाढली आणि असे व्यावहारिक ज्ञान हातोहात पसरले.

त्याची गरज किती, हे अलीकडे कळून आले. १८७० साली स्थापन झालेली गुडब्रॉड ही पेनसिल्व्हानियातील कंपनी या दोऱ्याच्या धंद्यात अग्रणी होती. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिचा हा व्यवसाय बंद पडला. तिच्या दोऱ्याने बांधलेल्या हजारो काठ्या घरोघर आहेत. वडिलांची काठी दुरुस्त करू पाहणाऱ्या मुलाला 'ए' एवढेच लिहिलेले सापडले तर तो कोणता 'ए' समजावा? ज्याने वहीत इंचाला किती फेरे हे टिपून ठेवले, त्याच्या मुलाची अडचण नाही.

आमच्या मते या हकिकतीत आपल्या कुटुंबांनी घेण्यासारखे काही आहे. परदेशी आलेल्या कित्येक घरांत आजीच्या हाताची वही आहे. रोश हशानाच्या हलव्याला चीक एक शेर, नारळ इतके, साखर इतकी, असे तीत लिहिलेले असते. पण शेर कोणता? मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. दोन्हीकडे मणाचे शेर चाळीसच. शिवाय मापट्याचा शेर निराळा. १९५६च्या कायद्याने भारतात दशमान पद्धत आली आणि जुनी मापे बाजारातून गेली. ज्या भांड्याने आजी मोजीत असे ते भांडे कोठे अलिबागेस, कोठे भायखळ्यास राहिले. शब्द वहीत उरला, माप हरवले.

तेव्हा ज्या घरी अजून कोणी वडीलधारे माणूस आहे, त्यांनी त्याच्यासमोर बसून तो चीक एकदा तराजूत घालावा आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी लिहून ठेवावे. हे काम एका दुपारचे आहे, आणि ते करू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.