संरक्षित जमिनींचा ऑनलाइन डेटाबेस कसा असायला हवा? आणि त्याचा तुमच्या सातबाऱ्याशी काय संबंध?

एखादी जमीन वनात मोडते का? ती अभयारण्याच्या हद्दीत आहे का? तिच्यात पाणथळ जागा येते का?

प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं एका ठिकाणी मिळत नाहीत. सातबारा महसूल विभागाकडे, वनाची अधिसूचना वन विभागाकडे, पाणथळ जागांचा नकाशा इस्रोच्या अहमदाबादमधल्या केंद्राकडे आणि विकास आराखडा नियोजन प्राधिकरणाकडे असतो. या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर जंगलाचंही नुकसान होतं आणि घर घेणाऱ्याचंही.

मग हा सगळा तपशील एकत्र आणणारा डेटाबेस कसा असायला हवा? जाणून घेऊया.

नोंद नसली तर काय होतं?

महाराष्ट्रातल्या खासगी वनांचं प्रकरण याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

१९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ नुसार अनेक खासगी जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढण्यात आल्या. पुढे महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम आला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनं सरकारच्या मालकीची झाली. कलम ३५(३) ची नोटीस निघालेली जमीनही या कायद्यातल्या 'खासगी वना'च्या व्याख्येत होती.

पण अनेक ठिकाणी महसुली नोंदींमध्ये याचा पत्ताच नव्हता. मुंबई उपनगर आणि ठाणे परिसरातल्या अशा जमिनींवर रीतसर परवानग्या मिळाल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. काही दशकांनी ही जमीन वन असल्याचं त्यांना सांगण्यात आलं.

२००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल रहिवाशांच्या विरोधात गेला. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोटीस फक्त काढणं पुरेसं नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे, असं न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात स्पष्ट केलं.

म्हणजे नोटीस निघाली का, ती बजावली का आणि पुढे काय झालं, या तीन गोष्टी वेळेत आणि उघडपणे नोंदवल्या असत्या, तर बांधकामाच्या परवानगीआधीच वाद समोर आला असता.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत 'पॅड-यूएस' हा संरक्षित जमिनींचा राष्ट्रीय डेटाबेस आहे. तिथली भूगर्भ सर्वेक्षण संस्था तो चालवते. त्यात जमीन कोणाच्या मालकीची आणि तिचं व्यवस्थापन कोणाकडे, हे वेगवेगळं नोंदवलं जातं. शिवाय प्रत्येक जागेला १ ते ४ असा दर्जा असतो. १ म्हणजे नैसर्गिक स्थितीत राखलेली जागा. ३ म्हणजे संरक्षण आहे, पण लाकूडतोड किंवा खाणकाम होऊ शकतं. ४ म्हणजे संरक्षणाचं ज्ञात बंधन नाही. त्यामुळे नकाशावर नुसता हिरवा रंग दिसला म्हणून फसायला होत नाही.

जमीन मालकाकडेच राहते, पण ती विकसित करण्याचा हक्क तो कराराने सोडून देतो, अशा जमिनींचाही तिथे स्वतंत्र डेटाबेस आहे. मात्र त्यात माहिती देणं ऐच्छिक असल्याने तो पूर्ण नाही.

जागतिक पातळीवर संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण यंत्रणा आणि आययूसीएन मिळून संरक्षित क्षेत्रांचा डेटाबेस चालवतात. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरलं. त्याची मोजदाद अशाच नोंदींवर चालते.

डेटाबेस सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

१. हद्द किती अचूक आहे, ते सांगायचं. देशातल्या पाणथळ जागांचा उपग्रह नकाशा १:५०,००० या प्रमाणात आहे. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर असतो. रेष अर्धा मिलिमीटर सरकली, तरी जागेवर २५ मीटरचा फरक पडतो. एक गुंठा म्हणजे साधारण १० बाय १० मीटर. तेव्हा अशा नकाशावरून गुंठ्याचा निर्णय करता येत नाही. म्हणून प्रत्येक हद्दीपुढे तिचा स्रोत, प्रमाण आणि मोजणीची तारीख हवी.

२. जुने आणि नवे क्रमांक जोडायचे. जुन्या अधिसूचनांमध्ये सर्व्हे नंबर असतात. पुढे जमीन एकत्रीकरणानंतर अनेक गावांत गट नंबर आले. जुना नंबर आजच्या कोणत्या गटात गेला, याचा तक्ता नसेल तर अधिसूचना सापडूनही उपयोग होत नाही.

३. मालकी, व्यवस्थापन आणि हक्क वेगवेगळे नोंदवायचे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. डेटाबेसमध्ये फक्त 'वन विभाग' एवढंच लिहिलं, तर राखण करणारं गावच नोंदीतून गायब होतं.

४. एकच जमीन दोनदा मोजायची नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान ११६.५५ चौरस किलोमीटर आणि अंधारी अभयारण्य ५०८.८५ चौरस किलोमीटर आहे. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्पाचं ६२५.४० चौरस किलोमीटरचं गाभा क्षेत्र होतं. उद्यान, अभयारण्य आणि गाभा असे तीन आकडे बेरजेत धरले, तर कागदावर १,२५०.८० चौरस किलोमीटर संरक्षित दिसेल. म्हणजे बरोबर दुप्पट.

५. कायदेशीर आधार आणि इतिहास जोडायचा. प्रत्येक जागेला अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि राजपत्राची प्रत हवी. हद्द बदलली तर जुनी नोंद पुसायची नाही, तारखेसह ठेवायची.

६. राखण कशी चालली आहे, तेही दाखवायचं. व्यवस्थापन आराखडा आहे का, शेवटची पाहणी कधी झाली, अतिक्रमण आहे का, हे नोंदवलं नाही तर डेटाबेस म्हणजे नुसती यादी उरते.

७. सगळंच उघड करायचं नाही. आंबोलीत 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा मासा सापडला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. जागेची हद्द उघड असलीच पाहिजे. पण एखाद्या दुर्मिळ प्राण्याचं घरटं किंवा वनस्पतीचं नेमकं ठिकाण सार्वजनिक केलं, तर तस्करांचं काम सोपं होतं.

८. दुरुस्तीची सोय हवी. शेतकरी, ग्रामसभा किंवा अभ्यासकाला चूक दाखवता यावी, त्यावर ठरलेल्या मुदतीत जागेवर पाहणी व्हावी आणि निर्णय कारणांसह दिसावा.

भारतात यावर काय चाललंय?

दोन घडामोडी महत्त्वाच्या आहेत.

पहिली वनांची. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानुसार मालकी कोणाचीही असो, सरकारी दप्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन वनच मानली जाते. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यावर वाद पुन्हा न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडच्या वननोंदी १५ एप्रिलपर्यंत केंद्राच्या संकेतस्थळावर टाकायला सांगितलं.

दुसरी पाणथळ जागांची. सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळ जागा २०११ च्या नकाशात २,०१,५०३ होत्या, तर २०२१ च्या नकाशात २,३१,१९५. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत करण्याचे आदेश राज्यांना दिले.

दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकणं ही फक्त सुरुवात आहे. ती नोंद आजच्या गट नंबरशी आणि नकाशाशी जोडली, तरच बांधकाम परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ती वेळेवर दिसेल.

तोपर्यंत जमीन घेताना काय पाहाल?

- सातबाऱ्यावर कब्जेदाराचं नाव आणि 'इतर अधिकार' हा रकाना नीट वाचा. तिथे वन किंवा राखीव असा शेरा आहे का, ते बघा.
- फक्त ताजा सातबारा पुरेसा नाही. जुने सातबारे आणि फेरफार काढा, कारण शेरा मधल्या काळात चढलेला किंवा कमी झालेला असू शकतो.
- गट नंबरचा जुना सर्व्हे नंबर शोधा आणि तो देऊन उपवनसंरक्षक कार्यालयाकडे लेखी विचारणा करा.
- नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला घ्या. जवळ अभयारण्य असेल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना तपासा.
- ऑनलाइन नकाशा हा अंदाज घेण्यासाठी आहे. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.