दुखणं डोळ्यामागे, दोष डोळ्यात?

मुलाचं डोकं वरचेवर दुखू लागलं की घरोघरी निकाल ठरलेला असतो: ‘नंबर लागला असणार.’ मग मोबाइलच्या नावाने चार बोल आणि संध्याकाळी चष्म्याच्या दुकानाची पायरी. हा समज अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याच्यामागे दीडशे वर्षांची वैद्यकीय परंपरा आहे. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

उत्रेख्तच्या फ्रान्स डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात दाखवून दिलं की वाचताना डोळे थकणाऱ्या कित्येकांना मुळात प्लस नंबर असतो आणि योग्य भिंगाने तो थकवा जातो. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी डोळ्यांच्या ताणातून उठणाऱ्या डोकेदुखीवर लेख लिहिला. डोळा स्वतः न दुखताही डोकं दुखवू शकतो, असं त्यांचं म्हणणं. इथवर हरकत नाही. पण त्याच शहरात वावरलेल्या जॉर्ज गूल्ड यांनी १९०३ पासून खंडामागून खंड काढून डार्विन, कार्लाइल, हक्सली, ब्राउनिंग अशांची आयुष्यभराची दुखणी डोळ्यांच्या ताणावर नेऊन बसवली. रोगी केव्हाच निवर्तलेला, डोळे तपासायची सोय नाही, तरी निदान पक्कं! आपल्या घरातला निकाल गूल्ड यांच्याच घराण्यातला आहे.

या पक्षाचा मुख्य पुरावा एकच: दुखतं ते डोळ्यामागे, भुवईवर, कपाळात. पण डोळा, कपाळ आणि मेंदूवरचं आवरण या तिन्हींच्या संवेदना बव्हंशी ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या वरच्या शाखेतून जातात. म्हणून अर्धशिशीची कळ डोळ्यामागे जाणवते आणि निर्दोष डोळा आरोपी ठरतो. अर्धशिशीत उजेड सोसत नाही, काहींना आधी नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. त्या रेघाही डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात उमटतात. दुखण्याची जागा म्हणजे दुखण्याचं मूळ नव्हे, हे भान आपल्याकडे जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोग शहात्तर आणि शिरोरोग अकरा, असे वेगवेगळे सांगितले आहेत. त्यातला सूर्यावर्त उगवत्या सूर्याबरोबर डोळ्यात आणि भुवईतच दुखू लागतो, तरी त्याची गणना शिरोरोगात आहे. उलट अधिमंथात अर्धं डोकं ठणकतं, पण तो नेत्ररोग.

दुसरा आक्षेप नंबराच्या स्वरूपावर. आपल्याला धास्ती मोठ्या मायनस नंबराची. पण मायनस तीनच्या डोळ्याला ३३ सेंटिमीटरवरचं पुस्तक काहीही जोर न लावता दिसतं. फळा दिसत नाही ही त्याची अडचण, आणि तिच्यासाठी चष्मा हवाच. डोकेदुखी मात्र सहसा त्यातून येत नाही.

मग डोळा निर्दोष सुटला का? नाही. गंमत अशी, की तो दोषी असतो तिथे बहुधा त्याच्यावर कुणाचा संशय नसतो. प्लस दोनचा मुलगा तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचतो. लांबचं पाहायलाही त्याच्या डोळ्यातल्या स्नायूला दोन डायॉप्टरचं काम पडतं. वहीत पाहताना इतरांना तीन लागतात, त्याला पाच. त्या स्नायूला दिवसभर सुट्टी नाही. शाळेच्या तपासणीत हा मुलगा ६/६ म्हणून पास होतो. डोळ्यात थेंब घालून तो स्नायू सैलावल्याशिवाय खरा नंबर उघड होत नाही. दुकानातलं यंत्र त्याला पुरं पडत नाही. जवळ पाहताना दोन्ही डोळे एका बिंदूवर आणण्यात कमी पडणाऱ्यांचीही हीच गत: तक्ता निर्दोष, डोकं जड. तिथे चष्म्यापेक्षा देखरेखीखाली करून घेतलेले व्यायाम अधिक उपयोगी पडतात. छोटा सिलिंड्रिकल नंबर आणि टाळत आणलेली चाळिशी यांनाही याच पंगतीत बसवावं.

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात नंबरामुळे येणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे, पण अटींसह. ज्या अंतरावर नजर कमी पडते तिथलं काम लांबल्यावर डोकं दुखावं, काम थांबवल्यावर उतरावं, नंबर दुरुस्त केल्यावर कमी व्हावं, अशांपैकी किमान दोन खुणा तरी हव्यात. पहाटे झोपेतून उठवणारं, उपास किंवा जागरण झालं की उसळणारं, उलटी होऊन उतरणारं दुखणं या अटींत बसत नाही. अशा मुलाला पाव नंबराचा चष्मा देणं म्हणजे खऱ्या दुखण्याचा इलाज लांबणीवर टाकणं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचं तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात सतरा चाचण्या तपासल्या गेल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी पडद्यापुढचा डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यांतून दिसलं नाही. पडद्यापुढे पापण्यांची उघडझाप मंदावते आणि डोळे कोरडे पडतात, ही त्या ताणाची एक खरी बाजू. तिला काचेचा रंग काय करणार?

तेव्हा डोकं सारखं दुखत असेल तर डोळे जरूर तपासा, पण नेत्रतज्ज्ञाकडे. डोळे ठीक निघाले की शोध तिथेच सोडू नका. एका बाबतीत मात्र तपासणीची वेळ ठरवत बसू नये: अचानक एक डोळा लाल होऊन प्रचंड दुखू लागला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली, नजर धूसर झाली, वर उलट्या सुरू झाल्या, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. पित्त समजून रात्र काढू नका, त्याच घटकेला नेत्ररुग्णालय गाठा.