चहाचा पेला आणि घरची स्वस्थता

दिवसभराची दगदग आटोपून घरी आलेला गृहस्थ वहाणा काढतो, हातपाय धुतो आणि आत पाहून म्हणतो, "जरा चहा टाक." या तीन शब्दांत तो केवळ एक गरम पेय मागत नसतो. दिवस संपला, आता घटकाभर कोणी काही विचारू नये, हेही त्याला त्यातून सांगायचे असते. आधणाचा आवाज, आल्याचा वास, बशीत ओतल्यावर वर येणारी वाफ, एवढ्यानेच त्याचे मन थाऱ्यावर येऊ लागते. घोट ही तर पुढची गोष्ट. ही स्वस्थता येते कोठून? ती पानात असते, की आपणच ती पेल्यात घालतो? प्रश्न वैद्यकाचा वाटतो; पण त्याचे बरेचसे उत्तर इतिहासात आहे.

चहाला पहिले शास्त्र लाभले ते चीनमध्ये. आठव्या शतकात, तांग राजवटीच्या काळात, लू यू नावाच्या विद्वानाने चहावर स्वतंत्र ग्रंथ रचला. पानाइतकेच महत्त्व त्याने चहा करण्याच्या रीतीला दिले. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ. उकळी कशी ओळखावी, भांडी कोणती घ्यावीत, हे सारे त्याने बारकाईने सांगितले. आले आणि संत्र्याची साल घालून चहा उकळणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग होता. आपला आल्याचा चहा पाहून त्याने काय म्हटले असते, याची कल्पना करावी! पुढे जपानात सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या आचार्याने चहापानाला विधीचे रूप दिले. त्याच्या चहाच्या खोलीचे दार इतके ठेंगणे असे की, आत शिरताना सरदारालाही वाकावे लागे, आणि तलवार बाहेर ठेवावी लागे. तो काळ जपानातील यादवीचा होता. म्हणजे ही शांतता आपोआप पानातून पाझरलेली नव्हती. अशांत काळातल्या माणसांनी ती जाणूनबुजून उभी केली होती. मात्र तिचे कुंपण त्या खोलीपुरतेच होते. हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमाने १५९१ साली त्याच रिक्यूला स्वतःच्या हाताने प्राण द्यावा लागला.

आपल्या बाजूला चहाची पहिली नोंद सापडते ती सुरतेत. १६३८ साली तेथे आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने आपल्या वृत्तांतात चहापानाचा उल्लेख केला आहे. १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिले आहे की, येथील वाणी खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालून चहा घेतात, आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातील मुरडा यांवर मसाले घालून पितात. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या सुरतेवर स्वारी केली, तेथे चहा होता तो असा, औषधासारखा. सामान्य मराठी घराच्या चुलीपर्यंत पोचायला त्याला आणखी दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आणि तो पोचला तेव्हा शांतता घेऊन नव्हे, तंटा घेऊन आला. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानाचे निमंत्रण होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावून बाजूला ठेवला. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, नामदार गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापविली आणि शहरात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा सुरू झाली, घरच्या कार्यांना भिक्षुक मिळेनात. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर मित्रांच्या आग्रहाखातर प्रायश्चित्त घेतले. सुधारक त्यांच्यावर रुष्ट झाले. खुद्द रमाबाईंनाही त्याचा किती विषाद वाटला, ते त्यांच्या 'आठवणीं'त वाचावयास मिळते. वसंत व्याख्यानमालेची परंपरा १८७५ साली पुण्यात ज्यांनी सुरू केली, त्या रानड्यांवर एका व्याख्यानानंतरच्या चहाने हा प्रसंग आणावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. यातला वाद पानाविषयी नव्हता, पाण्याविषयीही नव्हता. तो हाताविषयी होता. चहा कोणाच्या हातचा आणि कोणाच्या पंक्तीचा, हा खरा प्रश्न होता. पुढे चहाची दुकाने गावोगाव झाली, तेव्हाही तो सुटला नाही. दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची चाल कितीतरी गावांत होती. जे पेय एकाच्या मनाला निवांत करीत होते, तेच दुसऱ्याला त्याची पायरी दाखवीत होते.

आता हे पान येत होते कोठून ते पाहू. आसामच्या जंगलात चहाची झाडे आहेत, ही गोष्ट १८२३ च्या सुमारास इंग्रजांना कळली. १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. मळ्यांसाठी मजूर आणले ते छोटा नागपूर आणि इतर दूरच्या मुलखांतून, करारात बांधून. पळालेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतः पकडावे, असा अधिकार कायद्यानेच त्याला दिला होता. १९२१ साली चरगोळा खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून आपल्या गावांकडे निघाले, तेव्हा चांदपूर येथे त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. आपल्या संध्याकाळच्या स्वस्थतेचा पहिला हप्ता असा दुसऱ्या कोणी भरलेला आहे.

मळेवाल्यांचा बहुतेक माल परदेशी जाई. १९०३ साली चहावर उपकर बसवून प्रचाराची सोय करण्यात आली. पुढे जागतिक मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली, आणि मग या देशातील गिऱ्हाइकाकडे विशेष लक्ष गेले. घरोघर प्रात्यक्षिके झाली, फुकट चहा पाजला गेला. उलट बाजूने राष्ट्रीय विचाराची मंडळी चहाला विरोध करीत होती. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही चहाचा निषेध आहे.

घराने मात्र दोघांचेही ऐकले नाही. प्रचारकांनी सांगितले होते की पाणी वेगळे उकळा, पूड मोजून घाला, दूध वरून थोडे ओता. आपल्या घरांनी पाणी, पूड, साखर, दूध एकाच भांड्यात घालून सरळ उकळायला ठेवले. त्यात आले किसले, गवती चहाची पात टाकली, सणावाराला वेलदोडा कुटून घातला. विकणाऱ्यांना हे रुचले नाही, कारण दूधमसाला वाढला की पूड कमी लागते. परक्या बाजाराने दारात आणून टाकलेली वस्तू घराने आपल्या हाताने आपलीशी केली.

शास्त्र याबाबत काय म्हणते? चहात तरतरी आणणारे कॅफीन आहे, तसेच मनाचा ताण सैल करण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो ते थियानिनही आहे. १९४९ साली जपानी संशोधकांनी ते वेगळे केले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ७५ पुरुषांवर सहा आठवडे केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. मुद्दाम ताण दिल्यावर चहा घेणारे आणि न घेणारे सारखेच अस्वस्थ झाले. परंतु पन्नास मिनिटांनी ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल हे द्रव्य पहिल्या गटात ४७ टक्क्यांनी उतरले होते, दुसऱ्यात २७ टक्क्यांनी. म्हणजे चहा ताण टाळीत नाही. तो ओसरायला मदत करतो. पण ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. कोण काय पितो हे कळू नये म्हणून त्या पेयाची चव आणि रूप बदललेले होते. आधण, वास, कपबशी, समोर बसलेले माणूस, यांतले तेथे काहीच नव्हते. पानाचा गुण मोजला गेला; घराचा गुण मोजायचा राहिला.

तो गुण इतिहास सांगतो. रिक्यूने तलवार बाहेर ठेवायला लावली, म्हणून खोलीत शांतता आली. पुण्यात पंक्तीचा प्रश्न आत शिरला, तेव्हा त्याच पेयातून कलह उठला. पान तेच, फरक माणसांच्या बसण्यात आहे. मग आपल्या घरातही एक गोष्ट पाहिली पाहिजे. "जरा चहा टाक" म्हणणाऱ्याला निवांतपणा मिळतो. टाकणारीला मिळतो का? पाहुण्यांना, सासऱ्यांना, मुलांना देऊन झाल्यावर तळाशी उरलेला, निवलेला चहा ती ओट्याशी उभ्यानेच घेत असेल, तर त्या घरात चहा झाला, स्वस्थता झाली नाही. आधण तिने ठेवले तर कप दुसऱ्याने विसळावेत; कधी आधणच दुसऱ्याने ठेवावे; आणि सर्वांचे पेले भरल्यावर सर्वांनी एकदमच बसावे. दहा मिनिटांचा हा विधी आहे. त्याला ठेंगणे दार लागत नाही; घरातल्या कर्त्याने थोडे वाकले म्हणजे पुरते.