छपराचे खिळे
पन्हळी पत्रे लाकडी तुळयांवर बसविण्याचे रुंद माथ्याचे, जस्तलेपित खिळे. पन्हळी पत्र्याचे एकस्व हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये, तर लोखंडावर जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. वऱ्हाडातील मातीचे धाबे उन्हाळ्यात थंड, परंतु अतिशय जड. प्रशस्त जागेवर ते तोलणे कठीण. खामगावास १८७० मध्ये लोहमार्ग व कापूसबाजार सुरू झाल्यावर सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या कारखान्यांना हलके छप्पर आवश्यक झाले; ती गरज पत्र्याने भागविली. धाब्याचा थंडावा मात्र त्यात नाही. खिळा पन्हळीच्या उंचवट्यावरच ठोकतात. खोलगटात ठोकल्यास पाणी भोकातून झिरपून खालचा कापूस भिजतो. माथ्याखाली डांबरी चकती असते. घाव अधिक बसल्यास पत्रा चेपतो, कमी पडल्यास वावटळीत उचकटतो.