पहाऱ्याची वाट

सुट्टीत कॉर्नवॉलला जाणारी आपली मंडळी बहुधा सेंट आइव्हज, न्यूकी, पेन्झान्स करून परततात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गाडी लावायला जागा मिळणे मुश्कील. पण पेन्झान्सशेजारच्या मॅरेझायनहून किनाऱ्याने पूर्वेकडे चालू लागलात, तर दोन-अडीच तासांत प्रशिया कोव्हला पोचता. वाटेत पेरनुथ्नो हे छोटे गाव, कडन पॉइंटचे टोक. बाकी कडे, शेते आणि समुद्र.

ही वाट साउथ वेस्ट कोस्ट पाथचा एक तुकडा. माइनहेडपासून पूल बंदराच्या तोंडापर्यंत हा पाथ ६३० मैल जातो, आणि चालणाऱ्याचा जीव काढतो. प्रत्येक खाचेत शिरतो, कड्याच्या अगदी कडेने जातो. दोन गावे जोडणारी वाट अशी आडवळणे घेत नाही. पण ही कुठे पोचण्यासाठी नव्हतीच; खाली डोकावण्यासाठी होती.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवर गेला होता. ब्रँडी आणि तंबाखूही महाग. हिंदुस्थानातले छापील सुती कापड तर १७२१च्या कायद्याने अंगावर घालायलाच बंदी होती, ती १७७४ला उठली. (इंग्रजीतले 'चिंट्झ' म्हणजे आपले छीटच.) साहजिकच सगळे चोरून येई. प्रशिया कोव्हचा जॉन कार्टर या धंद्यातला नामांकित. त्याचा पकडलेला माल पेन्झान्सच्या जकातीच्या वखारीत होता; गिऱ्हाइकांना शब्द दिलेला म्हणून त्याने रात्री वखार फोडली आणि फक्त स्वतःचाच माल उचलला, असे सांगतात. दुसऱ्या कशाला हात लागलेला नाही, म्हणजे कार्टरच, हे अधिकाऱ्यांनी लगेच ओळखले म्हणे! मीठमसाला असेलही. पण तिथल्या खडकात गाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात, आणि त्याचा भाऊ हॅरी याचे आत्मचरित्र १८९४ साली छापले गेले.

१७८४मध्ये पिटने चहावरचा कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाची चोरी जवळजवळ बसली. ब्रँडी-तंबाखूची चालूच राहिली. म्हणून १८२२ साली कोस्टगार्ड उभे राहिले. त्यांचे शिपाई रात्री-बेरात्री एका चौकीपासून पुढच्या चौकीपर्यंत पायी गस्त घालत. प्रत्येक खाचेचा तळ दिसला पाहिजे, म्हणून वाट कड्यालगत. प्रशिया कोव्हच्या वरच्या बाजूला त्यांच्या घरांची रांग अजून उभी आहे.

पुढे कर उतरले, चोरी परवडेना, पायी गस्तही थांबली. मग वाट कोणाची? जमिनी बहुतांशी खाजगी. इथे उपयोगी पडली ती आपल्याला ओळखीची गोष्ट: वहिवाट. १९३२च्या कायद्याने २० वर्षे विनाअडथळा चाललेली वाट सार्वजनिक मानली जाऊ लागली. १९४९च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या वाटा आखायची सोय झाली, आणि तुटलेले तुकडे सांधत हा पाथ १९७३ ते १९७८ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. नॅशनल ट्रस्टने १९६५पासून वर्गणी गोळा करून किनारे विकत घेतले, त्याचेही मोल मोठे. तरी मला श्रेय आधी द्यावेसे वाटते ते नुसते चालत राहिलेल्या लोकांना.

एक अडचण मात्र वहिवाटीने सुटत नाही. कडा ढासळून समुद्रात गेला, की त्यावरचा हक्कही त्याच्याबरोबर जातो. २००९च्या किनारा कायद्यात त्यावर तोड आहे: कडा मागे सरकेल तशी वाटही आत सरकवता येते.