मस्तकातील शल्य

शरीरात शिरून राहिलेली परकी वस्तू म्हणजे शल्य. मनाला लागलेल्या बोलालाही मराठीत तोच शब्द आहे, इतका तो खोल रुजला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्य हुडकणे व काढणे यांवर दोन स्वतंत्र अध्याय आहेत. परंतु खरा मननीय भाग आहे तो शारीरस्थानातला. तेथे १०७ मर्मांपैकी तीन ‘विशल्यघ्न’ म्हणून निराळी काढली आहेत: शंखप्रदेशाच्या वर केसांच्या कडेशी असलेली दोन उत्क्षेप मर्मे आणि भुवयांमधील स्थपनी. तेथे रुतलेले शल्य जागीच राहिले किंवा पिकून आपोआप गळून पडले, तर रोगी जगतो. उपटले तर दगावतो. सुश्रुताने याचे कारण वायूच्या निसटण्यात शोधले. ते आज पटणारे नाही. निरीक्षण मात्र अचूक ठरले. रुतलेली वस्तूच पुष्कळदा फाटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड दाबून धरते.

बीदर व गुलबर्गा (आताचे कलबुरगी) हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. याच राज्याच्या राजधानीत १८८८ व १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या खर्चाने, क्लोरोफॉर्मची चौकशी झाली. तिचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, ही गोष्ट निराळी. पण भूल दिल्यावाचून कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेची वाढ संभवतच नव्हती. १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर हार्वे कुशिंग यांनी मेंदूतील मृत भाग व हाडाच्या कपच्या शोषून काढून, लोखंडाचे तुकडे चुंबकाने ओढून, तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ५४ वरून २९ वर आणले.

सीमाभागाला यातले थोडेच, आणि तेही उशिरा मिळाले. गुलबर्ग्यास व सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालये १९६३ साली निघाली. बीदरला शासकीय संस्था २००७ मध्ये. औराद, भालकी किंवा आळंदच्या शिवारात कुणाच्या डोक्यात विळा वा सळई रुतली, तर खरा प्रश्न शस्त्रक्रियेआधीचा असतो: मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर ती वस्तू तशीच राहते की नाही? घरच्यांचा हात मायेनेच ती उपसण्याकडे जातो, आणि रक्तस्राव तेथेच सुरू होतो. वस्तू न हलवता भोवती कापडाचा आधार द्यावा, लांब असेल तर ती हलणार नाही असे धरून न्यावे, एवढेच वाटेवर करण्याजोगे.

पुढचे काम शल्यविशारदाचे. सीटी स्कॅनवर वस्तूचा मार्ग पाहून तिच्याभोवतीचे हाड गोल कापले जाते, वाहिन्या ताब्यात घेऊन ती डोळ्यांदेखत, शिरली त्याच वाटेने, सावकाश काढली जाते. मग मेंदूचे आवरण शिवतात व जंतुनाशके देतात. खोल गेलेल्या बारीक कपचीसाठी मेंदू उकरू नये, हे मतही १९८० नंतरच्या युद्धानुभवांतून बळावले. अशी कपची आता पुष्कळदा जागीच ठेवली जाते.